राजापूरकडे उतारावर घर बांधायचंय. जेसीबी लावू की नको?

परसदार | १२ मे, रात्री ९:४०

नमस्कार मंडळी,

राजापूर तालुक्यात सड्याच्या (जांभ्याच्या पठाराच्या) खालच्या अंगाला आमची अकरा गुंठे जागा आहे. आजोबांचं घर तिथेच होतं, माझ्या लहानपणीच ते पडलं. आता जोतं, दोन फणस आणि बाकी सगळं घाणेरीचं रान. वाटण्या, सातबाऱ्यावरची सतरा नावं, बिनशेती हे महाभारत गेल्या चार वर्षांत उरकलं (त्यावर वेगळा धागा काढीन, इथे नको). पुढच्या वर्षी निवृत्त झालो की डोंबिवली सोडून आई, बायको आणि मी तिकडे राहायला जाणार. आई ७८ वर्षांची आहे. डोकं माझ्यापेक्षा तल्लख, पण गुडघे गेलेत.

जागा उतारावर. वर पूर्वेला रस्ता, खाली पश्चिमेला व्हाळ (ओढा), तो पावसाळ्यात वाहतो आणि दिवाळीनंतर कोरडा पडतो. गावातला ठेकेदार म्हणतो, "साहेब, जेसीबी लावतो, चार दिवसांत क्रिकेटचं मैदान करून देतो." मागे (रस्त्याकडे) कापायचं, तीच माती पुढे ओढायची, पुढून रिटेनिंग वॉल (माती धरून ठेवणारी भिंत) घालायची आणि पन्नास बाय पन्नासच्या सपाटीवर बंगला. प्लॅनही काढून आणलाय त्याने. आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीसमोर रो-हाउस आहेत, हुबेहूब तसा.

मला बांधकामातलं काही कळत नाही, मी आयुष्यभर हिशेब तपासले. पण "मैदान" ऐकल्यावर पोटात कसंतरीच झालं. जमीन आहे तशी ठेवून, उताराला धरून घर बांधलेलं कुणी आहे का इथे? खर्च वाढतो की कमी होतो? आणि पायऱ्या पायऱ्यांचं घर झालं तर आईचं काय करायचं?

---

ओळंबा | १२ मे, रात्री १०:२५

चढ किती? "उतार आहे" एवढ्यावर कुणी काही सांगू शकणार नाही, आणि जो सांगेल त्याचं ऐकू नका.

पंचवीस वर्षं गुहागर-चिपळूण पट्ट्यात बांधकामं करतोय. पहिलं काम: पारदर्शक प्लास्टिकची नळी घ्या, पाणी भरा, वरच्या टोकाला एक माणूस आणि खालच्या टोकाला एक. नळीतलं पाणी दोन्हीकडे एकाच पातळीला असतं, त्यावरून जमिनीतला फरक काढा. हार्डवेअरच्या दुकानात नळी मिळते, सर्व्हेअरला बोलवायचं ते नंतर.

हे का विचारतोय ते सांगतो. बांधकाम नियमावलीत डोंगरउतारासाठी १:५ ची मर्यादा आहे, म्हणजे पाच फूट पुढे गेल्यावर एक फूट चढ. त्याहून तीव्र असेल तर परवानगीतच अडकाल, मग घराच्या आकाराची चर्चा कशाला?

---

मुळशीकर | १२ मे, रात्री ११:०५

इथे आता सगळे सपाटीच्या विरोधात बोलणार हे दिसतंय, म्हणून आधीच लिहून ठेवतो. मी मुळशीत नऊ वर्षांपूर्वी असाच उतार कापून घर बांधलं. भिंतीला एक केसाएवढी चीर नाही. उतारावरची घरं फोटोत छान दिसतात. रोज गॅसचा सिलेंडर उतरवायचा, रात्री अ‍ॅम्ब्युलन्स बोलवायची, पावसात वीज गेली असताना म्हाताऱ्या माणसाला न्हाणीपर्यंत न्यायचं, हे फोटोत दिसत नाही. ७८ वर्षांच्या बाईंना टप्प्यांच्या घरात ठेवणं हा तुमचा हौसेचा खेळ होईल. स्पष्ट बोललो, राग नसावा.

---

कातळवेडी | १३ मे, सकाळी ७:५०

मुळशीकरांचा अ‍ॅम्ब्युलन्सचा मुद्दा शंभर टक्के खरा. पण मुळशी आणि राजापूर यांची जमीन एक नाही हो. तुमच्याकडे मुरूम लागला असेल आणि खाली काळा पाषाण. राजापूरच्या सड्याखाली काय आहे ते सांगते (भूगोल शिकवते, त्यामुळे लांबण लागणार).

वरचा थर जांभ्याचा. फ्रान्सिस बुकानन याने मलबारात अंगाडिपुरमला हा दगड पाहिला आणि १८०७ मध्ये त्याला लॅटेराइट नाव दिलं. लॅटिनमध्ये 'लॅटर' म्हणजे वीट. लोक तो मऊ असताना कापून काढत आणि वाऱ्यावर तो कडक होई. आपले चिरे तेच. पण हा कडक थर टोपीसारखा आहे. त्याखाली जांभा मऊ, डागाळ, भोकाभोकांचा होत जातो, आणि त्याच्याही खाली पांढरट-गुलाबी चिकणमाती. नखाने कोरता येते, ओली झाली की साबण. पावसाचं पाणी जांभ्यातून सरसर खाली जातं, या मातीवर अडतं आणि आडवं वाहत उताराच्या कुशीतून बाहेर येतं. सड्याच्या पायथ्याला झरे आणि विहिरी का असतात ते यावरून कळेल.

आता उतार मागून सहा-सात फूट कापला तर तुम्ही नेमके त्या मऊ थरापर्यंत पोचू शकता. जेसीबी मे महिन्यात चालतो. तेव्हा कापलेली कड खणखणीत कोरडी दिसते, ठेकेदार तिच्यावर हात आपटून दाखवतो. तीच कड ऑगस्टमध्ये बघा.

घाबरवायला नाही, पण माळीण (३० जुलै २०१४), तळिये (२२ जुलै २०२१), इरशाळवाडी (१९ जुलै २०२३) या तिन्ही दरडींच्या तारखा जुलैच्या उत्तरार्धातल्या आहेत. ते डोंगर फार तीव्र चढाचे, तुमची जागा तशी नसेल. तरी प्लॉटच्या वर काय आहे ते चालून बघा. जमिनीत कोयत्याच्या आकाराच्या भेगा, बुंध्याशी वाकून मग सरळ वाढलेली झाडं, कललेले विजेचे खांब, नव्याने फुटलेला गढूळ झरा, यातलं एकही दिसलं तर घराचा विचार थांबवून आधी भूगर्भशास्त्राच्या जाणकाराला दाखवा.

---

व्हाळाकाठचो | १३ मे, सकाळी ९:१०

बाबा रे, घर नंतर बांध. आधी पावसात जावन बघ पाणी खयसून येता नि खय जाता. मे महिन्यात जमीन बघून घर बांधणारो माणूस म्हंजे मुलगी न बघताच लगीन करणारो. पाणी आपली वाट इसरणा नाय.

---

सुपारीची_बाग | १३ मे, दुपारी २:३०

रिटेनिंग वॉल हा शब्द वाचला आणि लॉगिन केलं.

आमच्याकडे दहा फुटांची होती, सिमेंटची, गुळगुळीत. इंजिनियरने पाणी जायला भोकं ठेवली होती, प्रत्येकात पाइपचा तुकडा. दुसऱ्या वर्षी गणपतीच्या आधी रंगकाम काढलं. भिंतीवर काळे ओघळ येतात, वाईट दिसतं म्हणून रंगाऱ्याने सगळी भोकं लांबी (पुट्टी) भरून बुजवली आणि वरून पिवळा रंग दिला. आम्हीही म्हटलं, वा, काय सुंदर झाली!

पुढच्या पावसात एका रात्री परसात काहीतरी कण्हल्यासारखा आवाज यायला लागला. बॅटरी मारून पाहिलं तर भिंतीला मध्यभागी पोट आलेलं, आणि रंगाच्या पापुद्र्यातून एका बुजवलेल्या भोकातून पाण्याची चिळकांडी उडत होती, पिचकारीसारखी. मिस्टरांनी पहारीने बाकीची भोकं फोडली तेव्हा अक्षरशः नळ सोडल्यासारखं पाणी आलं. भिंत वाचली, पण ते पोट अजून आहे. आता तिच्या खाली आम्ही कुणाला बसू देत नाही.

शेजारी सासऱ्यांनी घातलेला गडगा आहे, चिऱ्यांचे तुकडे आणि धोंडे, सिमेंटचा थेंब नाही. एक-दोन दगड दर वर्षी पडतात, आम्ही परत लावतो. पाणी त्याच्या अंगातून निघून जातं.

---

ओळंबा | १३ मे, रात्री ८:१५

ताईंनी लिहिलंय ते ठेकेदारांना छापून वाटलं पाहिजे. भिंत मातीने पडत नाही, मातीमागे साचलेल्या पाण्याने पडते. भिंतीमागे फूटभर जाडीचा खडीचा थर, तळाला भोकाचा पाइप, आणि भोकं उघडी. हे नसेल तर भिंत कितीही जाड करा, तुम्ही भिंत नाही, धरण बांधताय.

गडगा चार-साडेचार फुटांपर्यंत. त्याहून उंच सुका गडगा मी तरी घालणार नाही. आणि तोही डोंगराकडे झुकलेला हवा, पाय रुंद, माथा अरुंद. एका उंच भिंतीपेक्षा मध्ये मोकळी जागा सोडून दोन बुटके गडगे केव्हाही बरे.

---

परसदार | २१ मे, रात्री १०:००

गावाला जाऊन आलो. नळीची कहाणी ऐका.

तीस फुटांची नळी घेतली, चुलतभाऊ वर, मी खाली. रस्त्याकडून साठ फूट खाली येईपर्यंत दोन टप्प्यांत मोजलं, फरक आला अकरा फूट. कागदावर गणित केलं, १:५ च्या अगदी उंबऱ्यावर. घशाला कोरड पडली. तेवढ्यात शेजारच्या वाडीतले एक म्हातारे गवंडी बांधावर विडी ओढत बसले होते, ते उठून आले. नळी हातात घेतली, उन्हाकडे धरली आणि म्हणाले, "ह्यात बुडबुडो हाय." खरंच, मधोमध वाटाण्याएवढा बुडबुडा. त्यांनी नळी उभी धरून टिचक्या मारत तो वर काढला. मग दोन्ही टोकं एकमेकांना लावून पाणी समान येतंय का ते दाखवलं आणि मगच आम्हाला मोजू दिलं. फरक नऊ फूट. म्हणजे साठ फुटांत नऊ, १:६.७ च्या आसपास.

पण शेवटचे वीस फूट, व्हाळाकडचे, वेगळे मोजले. तिथे वीस फुटांत पाच, म्हणजे १:४.

आणि एक सापडलं. घाणेरी तोडल्यावर आजोबांच्या घराचं जोतं पूर्ण दिसलं. घर उत्तर-दक्षिण लांब आणि पूर्व-पश्चिम अरुंद होतं, उताराला आडवं. ओटीपेक्षा व्हाळाकडचा भाग दोन पायऱ्या खाली. चांगले शाबूत चिरे मोजले, सव्वाआठशे भरले.

---

ओळंबा | २१ मे, रात्री ११:१०

नऊ फूट म्हणजे चांगली बातमी. ते शेवटचे वीस फूट विसरून जा, त्याला फावडंसुद्धा लावू नका.

आता ठेकेदाराचा हिशेब करू. साठ फुटांत नऊ, म्हणजे पन्नास फुटांत साडेसात. पन्नास बाय पन्नास सपाट करायचं तर मागे पावणेचार फूट कापणार, पुढे पावणेचार फूट भरणार. माती निघते साधारण तेवीस-चोवीस ब्रास (एक ब्रास म्हणजे शंभर घनफूट). जेसीबीला ते काहीच नाही, म्हणून तो चार दिवस म्हणतो. खर्च तिथे नाहीच. खर्च पुढच्या भिंतीचा, आणि त्याहून मोठा खर्च पाच वर्षांनी येतो.

अर्धं घर कापलेल्या घट्ट जमिनीवर, अर्धं भरावावर. भराव थराथराने पाणी मारून, धुमस करून (चोपून) घातला तरी थोडा बसतोच, आणि गावाकडे तो तसा कुणी घालत नाही, वरून जेसीबीचं चाक फिरवलं की झालं. मग भराव बसतो, कापलेली बाजू जागेवर राहते, आणि जिथे दोन्ही भेटतात तिथे जमिनीपासून छतापर्यंत चीर. मी अशा चिरा बुजवायला गेलोय. बुजत नाहीत, लोक त्यावर कॅलेंडर लावतात.

उलट घर उताराला आडवं, लांबट ठेवलंत, समजा पंचावन्न फूट लांब आणि अठरा फूट रुंद, तर रुंदीत फरक पडतो फक्त दोन फूट आठ इंच. तो दोन पातळ्यांत वाटला की प्रत्येक पातळीचा पाया घट्ट जमिनीवर बसतो. भरावावर खोली नको. भराव फक्त खळ्याला (अंगणाला), ते खचलं तर सारवून घ्या.

---

मुळशीकर | २२ मे, सकाळी ८:००

हिशेब पटला. पण मग खांबांवर घर का नको? आरसीसीचे खांब, वर स्लॅब, जमीन आहे तशी, आईंसाठी सगळं एका पातळीला.

---

ओळंबा | २२ मे, रात्री ८:४०

करतात, आणि तीव्र चढावर तोच मार्ग आहे. पण उतारावर वरच्या बाजूचे खांब बुटके आणि खालचे उंच होतात. भूकंपात बुटका खांब ताठ असतो, सगळा जोर तोच घेतो आणि तोच आधी तुटतो. आपल्या डोक्यावर कोयना आहे, १९६७ चा भूकंप चिपळूणकरांना चांगला आठवतो. शिवाय घराखालच्या पोकळीत वारा शिरतो. डिझाइन चांगल्या इंजिनियरकडून करून घ्याल तर हरकत नाही. पण १:६.७ ला खांब म्हणजे मुंगी मारायला तोफ.

चिऱ्याच्या घरालाही जोत्याच्या आणि चौकटींच्या वर काँक्रीटची पट्टी फिरवून घ्या. जुनी घरं चिखलात बांधलेली, त्यांना ती नव्हती.

---

कातळवेडी | २२ मे, रात्री ९:३०

जुन्या जोत्याबद्दल "पूर्वजांचं शहाणपण" असं कुणीतरी लिहिणार, त्याआधी माझं ऐका. आजोबांकडे जेसीबी नव्हता हो. पहारीने कातळ फोडायचा तर माणूस कमीत कमी फोडतो, आणि कमीत कमी फोडायचं तर घर उताराला आडवंच बसतं. शहाणपण होतं, पण त्याचा अर्धा भाग पाठदुखी होती. त्याच घरांत मागच्या खोलीची भिंत जूनपासून सप्टेंबरपर्यंत घामाघूम, कपडे वाळत नाहीत, माजघरात दुपारीही दिवा. ते नका उचलू. मागच्या भिंतीत आणि डोंगरात किमान चार फूट मोकळा बोळ ठेवा, त्यात चर. मातीला टेकलेली भिंत कोरडी राहत नाही.

ते सव्वाआठशे चिरे मात्र सोनं आहेत. 'चिऱ्याचं घर म्हणजे पर्यावरणपूरक' असं सगळे धरून चालतात. पण नवा चिरा येतो खाणीतून, आणि खाण म्हणजे सड्याला पडलेलं चौकोनी भोक, जे पुन्हा भरत नाही. सड्यावर पावसाळ्यात जी फुलं येतात ती त्या दोन इंच मातीतली. तुमच्याच तालुक्यात बारसू, देवाचे गोठणे, देवीहसोळ इथली कातळशिल्पं त्याच कातळावर आहेत, २०२२ मध्ये कोकणातली कातळशिल्पं युनेस्कोच्या संभाव्य यादीत गेली. एक चिरा तीसेक किलोचा. जागेवरचा वापरलात तर खाण, ट्रक आणि घाट तिन्ही वाचतात.

---

परसदार | २५ मे, रात्री ९:१५

आईला हा सगळा धागा वाचून दाखवला. ती म्हणाली, "पायऱ्यांना मी घाबरत नाही, पाय घाबरतात. मला देव, चूल आणि न्हाणी एका पातळीला दे, बाकी घर तुझं." मग हिशेबनीसाची अक्कल चालवून एक आकृती काढली. रस्त्याकडच्या वरच्या पातळीवर ओटी, देवघर, स्वयंपाकघर, आईची खोली, न्हाणी-संडास. गाडी थेट ओटीला लागते, एकही पायरी नाही. खालच्या पातळीवर आमची खोली, पाहुण्यांची खोली, पडवी. मधला फरक सव्वादोन फूट. पाच पायऱ्या. आणि पायऱ्या नको असतील तेव्हा?

---

ओळंबा | २५ मे, रात्री १०:०५

उतरती पडवी करा! बारा फुटांत एक फूट उतार असला की चाकाची खुर्चीही चालते. सव्वादोन फुटांना सत्तावीस फूट लागतात. तुमचं घर पंचावन्न फूट लांब आहे, त्याच्या पश्चिम भिंतीला लागून सत्तावीस फुटांची उतरती पडवी सहज बसते. बाजूला कठडा, खाली खरबरीत शहाबादी, पॉलिश अजिबात नको. डोक्यावर छप्पर तीन फूट तरी पुढे हवं, तिकडूनच झड येते.

वास्तुविशारद लॉरी बेकर यांनी तिरुवनंतपुरमला स्वतःचं घर खडकाळ टेकाडावर असंच, जमीन नेईल तसं बांधलं. पण त्यात पायऱ्या भरपूर. तुमची आई बेकरांपेक्षा कडक गिऱ्हाईक आहे.

---

सुपारीची_बाग | २६ मे, सकाळी ६:४५

आईंचं वाक्य लिहून ठेवलंय. "पाय घाबरतात". किती खरं!

अवांतर: छप्पर कशाचं घालणार?

---

परसदार | २६ मे, सकाळी ९:००

कौलांचं. आईला दुसरं चालणार नाही.

---

व्हाळाकाठचो | २६ मे, सकाळी ९:२०

माकडांका इचारलंस?

---

सुपारीची_बाग | २६ मे, दुपारी १:१०

काका :) पण खरंच. आमच्याकडे वानरांची टोळी फणसाच्या दिवसांत रोज येते. आढ्यावर बसतात, तिथून फणसावर उडी. एका उडीत चार कौलं. दर मे महिन्यात माणूस वर चढवायचा, आणि आता चढणारी माणसंही मिळत नाहीत. निसर्ग वादळात (३ जून २०२०) उत्तरेकडे नातेवाइकांची कौलं पानांसारखी उडाली, पुढच्या वर्षी तौक्तेने आमची. शेवटी आम्ही खाली पत्रा आणि वर कौलं केली. कौल फुटलं तरी गळत नाही, पत्र्याचा ताशा वाजत नाही, आतला उकाडाही कमी. कडेच्या दोन ओळी तारेने बांधल्या. तुमच्याकडे तर दोन फणस आहेत, सांभाळा.

---

मुळशीकर | २६ मे, दुपारी ३:००

सरळ स्लॅब घाला, मध्ये जुनी मंगलोरी कौलं पुरून. तळाला काँक्रीट ओझं सोडून काही काम करत नाही, तिथे कौलं घातली की काँक्रीट वाचतं आणि खालून दिसतातही सुरेख. माकडांनी कितीही नाचावं. (बेकरांचीच युक्ती, ओळंबा.)

---

ओळंबा | २६ मे, रात्री ८:००

मान्य. अर्ध्या भागावर तसा स्लॅब आणि त्यावरही उतरतं छप्पर, असं आम्ही करतो. कोकणात उघडा सपाट स्लॅब तिसऱ्या वर्षी गळतो आणि मग लोक त्यावर पत्र्याची शेड मारतात. तुम्ही रस्त्याने बघत असालच.

---

कातळवेडी | २६ मे, रात्री ९:५०

छपरावरून पाण्यावर या. तिकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या पुढे पाऊस. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर म्हणजे एक लिटर. तुमचं छप्पर पागोळ्यांसकट एकशेवीस चौरस मीटर धरलं तर साडेतीन लाख लिटरच्या वर पाणी नुसतं छपरावरून, तेही चार महिन्यांत. हे सगळं एका पन्हळीतून एका कोपऱ्यात सोडलंत तर तो कोपरा तीन वर्षांत व्हाळात जाईल. दोन-तीन ठिकाणी वाटा, खाली धोंड्यांची फरशी घाला, उताराच्या कडेने वाळा लावा. त्याची मुळं सरळ खाली जातात, माती शिवून टाकतात.

आणि त्यातलं थोडं साठवा. एवढा पाऊस पिऊन एप्रिलमध्ये टँकर मागवणारा आपलाच प्रदेश. तीन माणसं, माणशी रोजचे शंभर लिटर धरून शंभर दिवसांचे तीस हजार लिटर. टाकी वरच्या अंगाला ठेवलीत तर बरंचसं पाणी पंपाशिवाय उतरेल. मात्र ते तीस टन वजन आहे, घट्ट जमिनीवरच.

संडासाचं काय केलंय? खाली कुणाची विहीर आहे?

---

परसदार | २७ मे, सकाळी ७:३०

आहे. व्हाळापलीकडे चुलत्यांची. शंभर-सव्वाशे फूट असेल. शोषखड्डा व्हाळाच्या बाजूला धरला होता...

---

कातळवेडी | २७ मे, सकाळी ८:१०

नको! साध्या मातीत शोषखड्ड्यातलं पाणी झिरपत, गाळत जातं. जांभ्यातल्या भोकांमधून ते न गाळता धावतं, आणि धावतं खालच्या झऱ्याकडे, म्हणजे चुलत्यांच्या पोहऱ्यात. सतरा नावांचं महाभारत उरकलंय म्हणालात ना? सेप्टिक टाकी पक्की, पुढे खडीचा लांबट वाफा, तळाला प्लास्टिक, वर कर्दळ. त्यातून निघालेलं पाणी विहिरीच्या उलट अंगाला, उथळ चरातून केळींना.

---

परसदार | १९ जुलै, रात्री ११:२०

धागा वर काढतोय. व्हाळाकाठच्या काकांचं ऐकून परवा गावाला गेलो. तीन दिवस संततधार. छत्री, आजोबांच्या काळातलं इरलं (होय, माळ्यावर होतं) आणि गमबूट घालून सकाळी सहा ते अकरा जागेवर उभा राहिलो. चुलतभावाला वाटलं माझं डोकं फिरलं.

रस्त्यावरचं पाणी मोरीतून (रस्त्याखालच्या नाल्यातून) आमच्या हद्दीत येतं हे मे महिन्यात कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. मोरी पानांनी झाकलेली होती. तिथून हातभर रुंद ओहोळ थेट खाली येतो, जुन्या जोत्याला दक्षिणेकडून वळसा घालतो आणि मग व्हाळाला मिळतो. जोत्याचा तो कोपरा गोल झालाय, चिरे झिजून साबणाच्या वडीसारखे. माझ्या आकृतीत आईची खोली नेमकी त्या ओहोळावर होती.

खुंट्या मारून ठेवल्यात. अख्खं घर बारा फूट उत्तरेला सरकवलं. त्यात एक फणस जाईल असं वाटलं होतं, पण ओळंबा यांनी व्यनिमध्ये (व्यक्तिगत निरोपात) सांगितल्याप्रमाणे घराला मध्ये एक काटकोन दिला आणि फणस खळ्याच्या कोपऱ्यात राहिला. वरच्या अंगाला ओहोळ वळवायचा विचार सोडून दिला. त्याला त्याच्या जागेवर दगडी पाट बांधून देतोय. मागच्या बोळातला चर त्यालाच मिळेल, शंभर फुटांना एक फूट उतार देऊन.

दुसरी गोष्ट: जोत्याच्या मागे, रस्त्यापेक्षा साधारण पाच फूट खाली, एका जागी माती पांढरी आणि पचपचीत होती. काठी टोचली तर हातभर आत गेली. ठेकेदार तिथेच कापणार होता.

---

कातळवेडी | २० जुलै, सकाळी ७:००

काठी हातभर आत गेली हे वाचून अंगावर काटा आला. त्या पट्ट्याला हात नको, वर गवत राहू दे. फोटो असेल तर टाका.

---

मुळशीकर | २० जुलै, सकाळी ९:४५

मीही छत्री घेऊन माझ्या रिटेनिंग वॉलची भोकं बघून आलो. चौदापैकी पाच बंद. दोनांत पालींचा संसार. साफ केली. (अ‍ॅम्ब्युलन्स ओटीला लागते हे वाचून बरं वाटलं.)

---

परसदार | ४ नोव्हेंबर, रात्री ८:५५

ताजी खबर. जेसीबी आला, पण एकच दिवस, रस्त्यापासून ओटीपर्यंतची गाडीवाट करायला. ठेकेदार थोडा रुसला होता, आता "वेगळं काम आहे, नाव होईल" म्हणतो. पैशांचं म्हणाल तर पाया थोडा महाग पडतोय, कारण दोन पातळ्या. रिटेनिंग वॉलचे सगळे वाचले. नवे चिरे निम्मेच मागवावे लागले.

अडलंय एका ठिकाणी. खालच्या बाजूला दोन बुटके गडगे घालायचेत. नळीतला बुडबुडा काढणारे ते म्हातारे गवंडी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी मुंबईला लेकाकडे गेलेत, शिमग्यापर्यंत येत नाहीत. बाकी सगळे म्हणतात सिमेंट लावूनच घालू. राजापूर-लांजा-देवगड पट्ट्यात सुका गडगा घालणारं कुणी माहीत आहे का?

---

व्हाळाकाठचो | ४ नोव्हेंबर, रात्री ९:३०

आमच्या वाडीत दोघे भाव आसत. एक बोलता, एक दगड लावता. लावणाऱ्याक फोन नाय. उद्या इचारून व्यनि करतंय.